कार्लाइल १९१२ : एका निवासी शाळेचा फुटबॉल हंगाम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा हंगाम कोणाचा आणि कुठला?

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचं एक गाव आहे. तिथे मूळ अमेरिकन आदिवासी मुलामुलींसाठी सरकारने चालवलेली एक निवासी औद्योगिक शाळा होती. १९१२ च्या हंगामात २१ सप्टेंबर ते २८ नोव्हेंबर या काळात, म्हणजे दहा आठवड्यांच्याही आत, या शाळेचा फुटबॉल संघ चौदा सामने खेळला. त्यांतले बारा जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि एक हरला. संघाने ५०४ गुण केले आणि त्याच्याविरुद्ध ११४ झाले. कर्णधार होता जिम थॉर्प, प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर. वॉर्नर यांना सगळे ‘पॉप’ वॉर्नर म्हणत.

फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल का?

नाही. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लंबगोल असतो, तो हातात धरून पळायचं, प्रतिस्पर्ध्याने अडवून पाडलं की खेळ थांबतो आणि तिथून पुन्हा सुरू होतो. अशा प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. ठरावीक डाउनमध्ये दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही, तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचलं की टचडाउन. त्यानंतर एका जादा गुणासाठी किक मारता येते. पळत न जाता खांबांमधून किक मारली तर फील्ड गोल, त्याचे तीन गुण.

१९१२ हेच वर्ष का महत्त्वाचं?

आज आपण टीव्हीवर पाहतो तो अमेरिकन फुटबॉल बऱ्याच अंशी याच वर्षी आकाराला आला. टचडाउनचे गुण पाचावरून सहा झाले. दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार डाउन मिळू लागले. मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आलं आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा जोडला गेला. चेंडू वीस यार्डांपेक्षा लांब पुढे फेकायचा नाही, हे बंधनही त्याच वर्षी उठलं.

हे बदल एका रात्रीत झाले नाहीत. १९०५ सालापर्यंत हा खेळ अक्षरशः जीवघेणा होता. खेळाडू हात एकमेकांत अडकवून घोळक्याने तुटून पडत, कातडी शिरस्त्राण घालायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असे आणि दरवर्षी मुलं मरत. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबर १९०५ मध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी चेंडू हाताने पुढे फेकण्याला, म्हणजे फॉरवर्ड पासला, मान्यता मिळाली. गर्दी फोडून मैदान मोकळं करणं हा त्यामागचा हेतू होता.

मोकळं मैदान कोणाच्या पथ्यावर पडलं, तर कार्लाइलच्या. त्यांची मुलं वजनाने हलकी, पण पायांत वेग आणि डोक्यात युक्त्या. मोठ्या विद्यापीठांचे संघ नव्या नियमांकडे संशयाने पाहत होते, तेव्हा १९०७ च्या हंगामात कार्लाइलने फॉरवर्ड पासचं शस्त्र करून फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असं हरवलं होतं. आधुनिक फुटबॉलच्या इतिहासात या शाळेचं नाव येतं ते भावनेपोटी नव्हे. तिथे तो खेळ खरोखर घडला.

कार्लाइल हे कॉलेज होतं का?

नाही, आणि हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. कार्लाइलमध्ये पदवी मिळत नसे. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, लोहारकाम, शेतकाम, धुणं. काही विद्यार्थी विशीच्या पुढचे होते, म्हणून संघ कॉलेजांच्या तोडीचा होता आणि सामनेही कॉलेजांशीच होत.

ही शाळा १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये सुरू केली. तिचं उद्दिष्ट उघडपणे सांगितलं जाई. आदिवासी मुलाला त्याच्या माणसांपासून तोडायचं, त्याचे केस कापायचे, गणवेश चढवायचा, नाव बदलायचं, त्याच्या भाषेवर बंदी घालायची आणि त्याला ‘सुसंस्कृत’ करायचं. १८९२ च्या एका भाषणात प्रॅटने याचं सार सांगितलं : त्याच्यातला ‘इंडियन’ (म्हणजे मूळ अमेरिकन आदिवासी) मारा आणि माणूस वाचवा. उन्हाळ्यात मुलांना गोऱ्या कुटुंबांच्या शेतांवर आणि घरांत कामाला धाडलं जाई. शाळेच्या आवारात दीडशेहून अधिक मुलांच्या कबरी आहेत. २०१७ पासून अमेरिकी लष्कर त्यांतले काही अवशेष त्यांच्या त्यांच्या जमातींकडे परत पाठवत आहे.

म्हणून १९१२ चा हंगाम नुसती विजयांची यादी म्हणून वाचू नये, असं मला कळकळीने वाटतं. ही मुलं ज्या व्यवस्थेच्या गणवेशात जिंकत होती, ती व्यवस्था त्यांना पुसून टाकण्यासाठीच उभी होती.

मग अशा शाळेत फुटबॉल कसा आला?

मुलांनीच मागून घेतला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका सामन्यात एका विद्यार्थ्याचा पाय मोडला, तेव्हा प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळायला बंदी घातली. मुलं त्याच्याकडे गेली आणि त्यांनी आपली बाजू मांडली. प्रॅटने दोन अटींवर परवानगी दिली. समोरच्याने कितीही डिवचलं तरी ठोसा मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वोत्तम संघांना हरवून दाखवायचं.

पहिली अट अन्यायाची होती, कारण इतर संघांना ती नव्हती. दुसरी त्यांनी पुरी केली. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी चेंडू एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागे लपवून टचडाउन केला. तो सामना ते १२-११ असा हरले, पण त्या युक्तीची चर्चा आजही होते. ११ नोव्हेंबर १९११ ला त्यांनी हार्वर्डला हार्वर्डच्याच मैदानावर १८-१५ असं हरवलं. थॉर्पने दुखऱ्या पायाने चार फील्ड गोल मारले होते. १९१२ चा संघ या सगळ्याच्या खांद्यावर उभा होता.

चौदा सामन्यांचे निकाल काय लागले?

सुरुवात सोपी होती. ऑलब्राइट ५०-७, लेबनन व्हॅली ४५-०, गावातल्याच डिकिन्सन कॉलेजविरुद्ध ३४-०, व्हिलानोव्हाविरुद्ध ६५-०. मग वॉशिंग्टन अँड जेफरसनने त्यांना ०-० असं रोखलं. वर्षभर ज्याच्या किकची धास्ती होती, त्या थॉर्पच्या किक त्या दिवशी चुकत राहिल्या.

त्यानंतर सिरॅक्यूजविरुद्ध ३३-०. हा विजय गोड होता, कारण १९११ चा त्यांचा एकमेव पराभव, तोही एका गुणाने, सिरॅक्यूजकडूनच झाला होता. पिट्सबर्गविरुद्ध ४५-८, जॉर्जटाउनविरुद्ध ३४-२०, टोरांटोविरुद्ध ४९-१, लीहायविरुद्ध ३४-१४, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीविरुद्ध २७-६. मग पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असा पराभव. शेवटी स्प्रिंगफील्डविरुद्ध ३०-२४ आणि ब्राउनविरुद्ध ३२-०.

टोरांटोने एकच गुण कसा केला? अमेरिकन फुटबॉलमध्ये एक गुण शक्य आहे का?

एकट्याने नाही. पण कॅनडातल्या नियमांत किक मारलेला चेंडू समोरच्या संघाला आपल्या गोलपट्ट्यातून बाहेर काढता आला नाही, तर किक मारणाऱ्याला एक गुण मिळतो. हा सामना दोन्ही देशांच्या नियमांची सांगड घालून खेळला गेला. कार्लाइलची मुलं शनिवारी २६ ऑक्टोबरला जॉर्जटाउनशी खेळली, लगेच आगगाडीत बसली आणि सोमवारी २८ ला परदेशात, अर्ध्या अनोळखी नियमांनी, पुन्हा मैदानात उतरली. आजच्या कुठल्याही प्रशिक्षकाला हे वेळापत्रक दाखवून पाहावं.

इतका प्रवास कशासाठी?

पैशासाठी. कार्लाइलच्या मैदानावर मोठी गर्दी मावत नसे आणि मोठे संघ तिथे यायला राजी नसत. मोठ्या शहरांत मात्र आदिवासी मुलांचा संघ पाहायला लोक तिकीट काढून येत आणि तिकिटांच्या उत्पन्नाचा वाटा शाळेला मिळे. हंगामातले शेवटचे दहाही सामने त्यांनी बाहेर खेळले. त्या पैशाचा हिशेब पुढे वॉर्नर यांच्या गळ्याशी आला. ते खाली येईलच.

वेस्ट पॉइंटच्या सामन्याबद्दल एवढं का बोललं जातं?

९ नोव्हेंबर १९१२ ला समोर अमेरिकी लष्कराचे भावी अधिकारी होते. वूंडेड नी इथे त्याच लष्कराने लाकोटा या आदिवासी जमातीच्या स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली, त्याला तेव्हा बावीसच वर्षं झाली होती. सामन्याआधी वॉर्नर यांनी खेळाडूंना आठवण करून दिली, की यांच्या बापांनी तुमच्या बापांना मारलं, असं सांगतात. माझ्या मते ती आठवण करून द्यायची गरजच नव्हती. त्या खोलीतल्या कोणालाही ती गोष्ट भाषणातून कळायची नव्हती.

खेळाकडे वळू. पहिला टचडाउन लष्कराने केला, पण जादा गुणाची किक हुकली. कार्लाइलच्या जो बर्गीने मधून घुसून बरोबरी साधली, थॉर्पने किक मारली आणि मध्यंतराला कार्लाइल ७-६ असं पुढे होतं. दुसऱ्या अर्धात लष्कराचा कर्णधार लेलंड डेव्होर याचा तोल सुटला. कार्लाइलचा जो गायन हा खेळाडू समोरून त्याला पुरता जेरीस आणत होता. डेव्होरने त्याच्यावर हल्ला केला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. प्रॅटची जुनी अट आठवते का? ठोसा मारायचा नाही. शिस्त शिकवण्यासाठी ज्यांना शाळेत डांबलं होतं ती मुलं शांत राहिली आणि अकादमीच्या कर्णधाराला बाहेर जावं लागलं.

वॉर्नर यांनी या सामन्यासाठी ‘डबल विंग’ नावाची रचना वापरली. दोन खेळाडूंना दोन्ही बाजूंना रेषेलगत उभं करायचं, म्हणजे चेंडू कोणाकडे जाणार, उजवीकडे की डावीकडे, आतून की बाहेरून, हे शेवटच्या क्षणापर्यंत उमगत नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चाली ठरवणारा खेळाडू, गस वेल्च चाली पुकारत होता आणि लष्कराचे धिप्पाड गडी चुकीच्या माणसाला पाडत होते. अंतिम गुण २७-६.

त्या दिवशी सगळे टचडाउन थॉर्पने केले ना?

ही फार पसरलेली समजूत आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी. थॉर्पच्या नावावर त्या दिवशी एकही टचडाउन नाही. त्याची एक लांबलचक धाव शेवटच्या रेषेपार गेली होती, पण कार्लाइलच्या नियमभंगामुळे ती रद्द झाली. तीन टचडाउन केले ॲलेक्स आर्कासाने आणि एक बर्गीने. थॉर्पने मैदान उघडून दिलं, किक मारल्या, समोरचे दोन-तीन गडी स्वतःकडे ओढून ठेवले. पण आर्कासाचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलव्हिल लोकांमधून आलेल्या या हाफबॅकने (चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूने) लष्करी अकादमीविरुद्ध एका दुपारी तीन टचडाउन केले आणि दंतकथेने तेही दुसऱ्याच्या खात्यात टाकले.

आयझेनहॉवर खरंच त्या सामन्यात होता का?

हो. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर तेव्हा वेस्ट पॉइंटचा विद्यार्थी होता आणि संघात होता. त्याने आणि एका सोबत्याने मिळून थॉर्पला दोन्हीकडून चिरडायचा बेत केला. थॉर्प ऐनवेळी थबकला, दोघे एकमेकांवर आदळले आणि त्यांनाच बाहेर जावं लागलं. त्यानंतर टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यात आयझेनहॉवरच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याची फुटबॉल कारकीर्द संपली. थॉर्पची थोरवी मात्र तो म्हातारपणीही सांगत असे.

मग पेन्सिल्व्हेनियाकडून कसे हरले?

लष्कराला हरवून आठवडा झाला होता. दमलेला संघ, निसटणारा चेंडू, बचावातल्या चुका. पेन्सिल्व्हेनिया त्या वर्षी काही अजिंक्य संघ नव्हता. कार्लाइलने २६ गुण केले, ते जिंकायला पुरायला हवे होते. अखंड अपराजित हंगाम त्या दिवशी, १६ नोव्हेंबरला, हातचा गेला.

राष्ट्रीय विजेता कोण ठरला?

तेव्हा विजेता ठरवणारी स्पर्धाच नव्हती. मागाहून अभ्यासकांनी ठरवलं त्यात हार्वर्डचं नाव येतं, कारण ते सर्व सामने जिंकले. कार्लाइल आणि हार्वर्ड १९१२ मध्ये समोरासमोर आलेच नाहीत.

थॉर्पची त्या हंगामातली कामगिरी किती मोठी?

प्रचलित नोंदींत २५ टचडाउन आणि १९८ गुण त्याच्या नावावर आहेत. माझ्या लेखी त्याचा सर्वांत मोठा दिवस स्प्रिंगफील्डचा. कार्लाइलचे तीसच्या तीस गुण एकट्या थॉर्पचे : चार टचडाउन, तीन जादा किक आणि एक फील्ड गोल. सामना ३०-२४ असा सुटला, म्हणजे त्यातला प्रत्येक गुण लागला. (हे स्प्रिंगफील्ड तेच, जिथे १८९१ मध्ये बास्केटबॉलचा जन्म झाला.) २८ नोव्हेंबरचा ब्राउनविरुद्धचा सामना हा त्याचा कार्लाइलसाठीचा शेवटचा.

आणि हे सगळं त्याने ऑलिंपिकनंतर काही महिन्यांत केलं. जुलै १९१२ मध्ये स्टॉकहोमला त्याने पेंटाथलॉन (पाच मैदानी प्रकार) आणि डेकॅथलॉन (दहा मैदानी प्रकार), दोन्हींत सुवर्णपदक मिळवलं होतं. त्याच शाळेचा होपी जमातीतला धावपटू लुई तेवानिमा दहा हजार मीटरमध्ये दुसरा आला. अमेरिकेच्या सर्व मूळ रहिवाशांना त्या देशाचं नागरिकत्व मिळायला मात्र १९२४ उजाडावं लागलं.

पदकं का काढून घेतली?

जानेवारी १९१३ मध्ये एका वर्तमानपत्राने छापलं, की १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थॉर्प नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. कितीतरी कॉलेजांचे खेळाडू उन्हाळ्यात असंच खेळत, खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला आणि त्यातच सापडला. वॉर्नर यांनी आणि शाळेने हात झटकले. सारा दोष थॉर्पच्या अजाणपणावर टाकणारं एक पत्र त्याच्या सहीने अमेरिकी हौशी क्रीडा संघटनेकडे गेलं.

खेळ संपल्यापासून तीस दिवसांच्या आत हरकत घ्यायची, असा स्टॉकहोमचा नियम होता. ती मुदत केव्हाच उलटली होती, तरी पदकं गेली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला ‘सहविजेता’ केलं, आणि जुलै २०२२ मध्ये दोन्ही प्रकारांचा एकमेव विजेता म्हणून मान्यता दिली. थॉर्प १९५३ मध्येच गेला होता.

वॉर्नर चांगले प्रशिक्षक होते की वाईट माणूस?

डावपेचांत त्यांची प्रतिभा निर्विवाद होती. खेळाडूंशी वागण्याबद्दल मात्र खेळाडूंचीच साक्ष आहे. १९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने कार्लाइलची चौकशी केली. ती घडवून आणण्यात क्वार्टरबॅक गस वेल्चचा मोठा हात होता. त्याने विद्यार्थ्यांच्या दोनशेहून अधिक सह्यांचा अर्ज पुढे केला. मारहाण, निकृष्ट जेवण, शिवीगाळ आणि खेळाच्या निधीचा अपारदर्शक वापर हे सगळं चौकशीत बाहेर आलं. अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांना जावं लागलं. वॉर्नर पिट्सबर्गला गेले आणि तिथे पुन्हा यशस्वी झाले. शाळा १९१८ मध्ये बंद पडली.

वेल्चच्या त्या अर्जाला मी वेस्ट पॉइंटच्या विजयाच्या बरोबरीने मानतो. मैदानावर चाली पुकारणाऱ्या मुलाने मैदानाबाहेरही न घाबरता चाल पुकारली.

ती जागा आज पाहता येते का?

तिथे आता अमेरिकी लष्कराचं वॉर कॉलेज आहे. डिसेंबर २०२४ मध्ये शाळेच्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. लष्करी आवार असल्याने आत जाण्याआधी प्रवेशाचे नियम पाहून घ्यावेत.

बाकीच्या खेळाडूंचं पुढे काय झालं?

थॉर्प व्यावसायिक बेसबॉल खेळला, नंतर ओहायोतल्या कँटन बुलडॉग्जसाठी फुटबॉल. १९२० मध्ये जी व्यावसायिक संघटना पुढे एनएफएल (अमेरिकेची राष्ट्रीय फुटबॉल लीग) झाली, तिचा तो पहिला अध्यक्ष होता. कार्लाइलचा पीट कॅलॅकही कँटनला त्याच्यासोबत खेळला. १९२२ आणि १९२३ मध्ये ओहायोतल्या लारू या छोट्या गावातून ‘ओरँग इंडियन्स’ नावाचा संपूर्ण मूळ अमेरिकन खेळाडूंचा संघ एनएफएलमध्ये उतरला. त्यात थॉर्प, गायन आणि कॅलॅक पुन्हा एकत्र आले. संघाचा मालक कुत्र्यांची पैदास करणारा होता आणि धंद्याची जाहिरात म्हणून मध्यंतरात खेळाडूंना कुत्र्यांसोबत करमणुकीचे प्रयोग करायला लावी.

जो गायन १९१७ मध्ये जॉन हाइझमन यांच्या जॉर्जिया टेक संघात होता. तो संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला. थॉर्प १९६३ मध्ये आणि गायन १९६६ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेले.

गस वेल्च पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी होता. परतल्यावर १९१९ ते १९२२ अशी चार वर्षं तो वॉशिंग्टन स्टेटच्या कॉलेज संघाचा मुख्य प्रशिक्षक होता.